अर्धा म्हणजे किती?

रिक्षा सिग्नलला थांबली तशी धाकटीने पिशवीतून केस पेपर काढला आणि माझ्यापुढे धरला. “ताई, हे बघ. मागच्या वेळी साडेतीन होतं, आज चार लिहिलंय. हा अर्धा वाढला म्हणजे नक्की किती वाढलं गं?” मागची बस हॉर्न देत होती, ऊन सरळ मांडीवर येत होतं. मी कागद हातात घेतला. तारखेखाली डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात ‘ईडीएसएस ४.०’ एवढंच होतं. धाकटीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे : चेतातंतूंवरचं आवरण जागोजागी जातं आणि मेंदूचे संदेश अडतात, असा मज्जासंस्थेचा आजार. तो किती वाढला हे सांगणारा हा आकडा. धाकटी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. एखाद्या उत्तराला अर्धा गुण द्यायचा की नाही यावर रात्री उशिरापर्यंत अडून बसलेली मी तिला पाहिली आहे. कापलाच, तर का कापला हे ती समासात लाल शाईने लिहिते. तिच्या स्वतःच्या अर्ध्याला मात्र समासात काही लिहिलेलं नव्हतं.

मला उत्तर देता आलं नाही.

डॉक्टर चांगले आहेत, हे आधीच सांगते. बाहेर बाकावर माणसं दाटीने बसलेली असतानाही ते तिच्याकडे बघून बोलतात, नावाने हाक मारतात. त्या दिवशीही त्यांनी सगळं रीतसर केलं. गुडघ्यावर हातोडी, तळव्यावर किल्लीच्या टोकाची रेघ, डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा कुठे लागतोय ते विचारणं, थरथरणारा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, घोट्याच्या हाडावर टेकवून “थांबला की सांगा” म्हणणं. चिमटा थांबायच्या कितीतरी आधी ती “थांबला” म्हणाली. मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, ते चिमट्याकडे. मग बाहेरच्या गारेगार, फिनेलचा वास येणाऱ्या बोळातून तिला चालायला सांगितलं. गुळगुळीत फरशी, एकही खड्डा नाही, समोरून कोणी धडकायला येत नाही. ती ताठ मानेने चालली, वळली, परत आली. शेवटी टाचेला चवडा लावत एका रेषेत चालताना दोनदा भिंतीला हात लागला. आणि मग तो आकडा.

माझी सगळी नोकरी सर्वेक्षणांचे तक्ते तपासण्यात गेली. आकडा दिसला की तो कोणी, कशासाठी, कुठल्या मापाने काढला हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. घरी आल्यावर ती झोपली आणि मी त्या चार अक्षरांच्या मागे लागले. वाट एका माणसापाशी पोचली : जॉन कर्ट्झकी, अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट, जन्म १९२६ चा, ब्रुकलिनचा. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांसाठी सरकारने चालवलेल्या रुग्णालयांत त्यांची कारकीर्द गेली. १९५५ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांनी एमएसच्या रुग्णाचं अपंगत्व मोजण्याची एक पट्टी मांडली. शून्य म्हणजे तपासणीत काहीच सापडत नाही. दहा म्हणजे या आजाराने मृत्यू. मधल्या पायऱ्या एकेकीने वर चढत जाणाऱ्या.

ही पट्टी का लागली, ती हकिगत मला फार जवळची वाटली. त्या काळात क्षयावर आयसोनियाझिड हे औषध नव्याने आलं होतं. आपल्याकडे क्षयाच्या गोळ्या घेतलेला माणूस ज्या घरात नाही असं घर शोधावं लागेल, तेच हे औषध. कर्ट्झकींनी एमएसच्या काही रुग्णांना ते देऊन पाहिलं आणि सुरुवातीला आशा वाटली. पण हा आजार मुळातच लहरी. आज डोळ्यापुढे अंधारी, महिन्याभराने नजर पुन्हा स्वच्छ. एखादा पाय आठवडाभर जड पडतो आणि मग आपणहून हलका होतो. अशा आजारात बरं वाटलं ते औषधाने की आपोआप, हे कसं ठरवायचं? माजी सैनिकांच्या अनेक रुग्णालयांनी मिळून एक मोठी चाचणी केली. काहींना औषध, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काही, आणि सगळ्यांना कर्ट्झकींची एकच पट्टी. निष्कर्ष आला की आयसोनियाझिडचा एमएसवर काही उपयोग नाही. आशा संपली. पण एमएसवरचं कुठलंही औषध पारखायचं कसं, हे त्या अपयशातून ठरून गेलं. ज्या माणसाने आधी त्या औषधाकडून आशा बाळगली होती त्याच्याच मापाने ते नापास झालं, आणि त्याने ते माप टाकून दिलं नाही. याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

आणि आमचा ‘अर्धा’ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. जुन्या पट्टीच्या पायऱ्या फार उंच होत्या. माणूस एका पायरीवर वर्षानुवर्षं तसाच दिसायचा, त्याच्यात झालेले बारीक बदल निसटून जायचे. म्हणून १९८३ मध्ये कर्ट्झकींनी एक ते नऊ यांमधली प्रत्येक पायरी दुभंगली आणि विस्तारित पट्टी प्रसिद्ध केली. तीच ही ईडीएसएस. म्हणजे धाकटीने रिक्षात ज्या अर्ध्याबद्दल विचारलं तो अर्धा एका माणसाने बसून, मुद्दाम, थोडंसंसुद्धा निसटू नये म्हणून तयार केला होता.

ते कळल्यावर मला एकदम रडू आलं. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

मग पायऱ्या एकेक करून वाचल्या. साडेतीनपर्यंत डॉक्टर मुख्यतः मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या कामांकडे बघतात : स्नायूंची ताकद, तोल, नजर, स्पर्श, गिळणं-बोलणं, लघवी-शौचावरचा ताबा, विचारशक्ती. प्रत्येकाला वेगळा गुण, आणि त्यांच्या जुळणीवरून पायरी ठरते. चारपासून मात्र चालणं पुढे येतं. चार म्हणजे आधार न घेता, न थांबता साधारण पाचशे मीटर. साडेचार म्हणजे तीनशे. पाच, दोनशे. साडेपाच, शंभर. सहाला हातात काठी येते, किंवा कोणाचा तरी हात, आणि त्यावर शंभर मीटर. साडेसहाला दोन्ही बाजूंना आधार आणि फक्त वीस मीटर. सातला चाकाची खुर्ची. मी हे वाचत गेले आणि डोक्यात पुणं मोजत गेले. पाचशे मीटरात मंडईतून तुळशीबागेत जाता येतं, बांगड्या बघता येतात. शंभर मीटरात आमच्या सोसायटीच्या फाटकापासून जिना गाठता येतो. वीस मीटर म्हणजे पलंगापासून मोरी, आणि परत.

चारच्या पायरीचं वर्णन मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. त्यात पाचशे मीटरांच्या आधी आणखी एक अट आहे. तुलनेने बरंच अपंगत्व असूनही माणूस स्वतःचं स्वतः करतो आणि दिवसाचे सुमारे बारा तास उठून वावरतो. बारा तास. माझ्या बहिणीचा दिवस पहाटे साडेपाचला डब्याच्या पोळ्यांनी सुरू होतो आणि रात्री दहाला ओटा पुसून संपतो. तिला बारा तासांत दिवस बसवायचा तर कोणीतरी वरचे तास उचलायला हवेत. घरात ते कोण उचलणार, हे सासूबाई, नवरा आणि तिचा मुलगा यांच्यात अजून ठरतंय. अमेरिकेतल्या माजी सैनिकांकडे बघून तयार झालेल्या मापाने तिच्या घरातल्या कामाच्या वाटणीचा प्रश्न इतका नेमका दाखवावा, याचं मला आश्चर्य वाटलं. त्या रात्री मी भाओजींना फोन करून बारा तासांचं वाक्य वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता सकाळच्या पोळ्यांना बाई लावली आहे.

पण अर्ध्याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. ते मिळालं औषधांच्या चाचण्यांमध्ये. एमएस सुरुवातीपासूनच सतत बळावत जातो अशा प्रकारच्या रुग्णांसाठी ओक्रेलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी त्या रुग्णांना देण्यासारखं मान्य औषधच नव्हतं. त्याच्या चाचणीत ‘आजार वाढला’ असं कधी म्हणायचं याचा नियम आधीच लिहून ठेवलेला होता. पट्टीवर किमान एक पूर्ण पायरी वाढली पाहिजे. अर्धी पायरी पुरते ती फक्त सुरुवातीलाच साडेपाचच्या वर असणाऱ्यांना. आणि ती वाढ बारा आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावरही तशीच दिसली पाहिजे. कारण पट्टीच्या खालच्या भागात एकाच रुग्णाला दोन निष्णात डॉक्टरांनी एकाच दिवशी तपासलं तरी अर्ध्याचा, कधी एकाचाही फरक पडू शकतो. म्हणजे साडेतीनाचा चार झाला, तर धाकटीला त्या चाचणीत ‘वाढला’च्या रकान्यात घातलं नसतं. तिचा अर्धा तिथे धरलाच नसता.

हे तिला सांगितलं तेव्हा ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “मग मला फळ्यावर लिहिताना हात जड होतो, तो कुठे धरतात?”

खरं आहे. कर्ट्झकींच्या पट्टीवर सगळ्यात जास्त घेतला गेलेला आक्षेप हाच. मधल्या पायऱ्यांवर पाय इतके महत्त्वाचे होतात की हात मागे पडतात, थकवा मागे पडतो, विसरणं आणि शब्द न सुचणं मागे पडतं. शिवाय या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. दोनाचा तीन होणं आणि सहाचा सात होणं यांत आयुष्याचा केवढा फरक आहे, पण कागदावर दोन्हीकडे वाढ एकाचीच. रुग्ण सगळ्या पायऱ्यांवर सारखा वेळ थांबतही नाहीत. एकापासून तीनपर्यंत पुष्कळजण असतात, सहा-सातवर पुष्कळजण असतात, आणि मधल्या चार-पाचवरून माणसं तुलनेने लवकर पुढे सरकतात. हे मी तिला सांगितलेलं नाही. आज ती चारवर आहे. मी ज्यात वाचलं ते जुन्या, आजच्या औषधांच्या आधीच्या काळातल्या रुग्णांबद्दल होतं, हे मला ठाऊक आहे. तरी रात्री ते वाक्य डोळ्यांसमोर येतं.

थकव्याचं तर विचारूच नका. एप्रिल लागला की माझी बहीण बदलते. सकाळी सातला नीट चालणारी ती दुपारी दोनला शाळेच्या कट्ट्यावर बसते ती उठत नाही. डावा डोळा धुरकट होतो, पाय आपला नाही असं वाटतं. मग घरी येऊन थंड पाण्याने हातपाय धुतले, पंख्याखाली तासभर पडली, की पुन्हा पूर्ववत. बरीच वर्षं नातेवाइकांना हे नाटक वाटायचं. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं की एमएसच्या रुग्णांची नजर श्रम झाल्यावर मंदावते आणि विश्रांतीने परत येते. पुढे कळलं की खरी गोम शरीर तापण्यात आहे. एमआरआय येण्याआधी तर संशयित रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं उमटतात का ते बघत. चेतातंतूवरचं मायलिनचं आवरण जिथे गेलेलं असतं, तिथे शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश अडू शकतो. पुन्हा अर्धा. पण हा अर्धा थंड बोळात तपासून सापडत नाही, तो मे महिन्यातल्या स्वारगेटला सापडतो.

कर्ट्झकींचं दुसरं काम वाचताना मला वेगळाच आनंद झाला, कारण ते माझ्या धंद्याचं होतं : मोजणी. अमेरिकी लष्करात राहून गेलेल्या आणि पुढे एमएस झालेल्या ५,००० हून अधिक माणसांचे कागद त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासले आणि उत्तरेकडच्या राज्यांतून आलेल्यांना धोका जास्त असल्याचं दाखवलं. मग के हिल्लेस्टेड या डॅनिश सहकाऱ्याबरोबर ते उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांकडे वळले. तिथे जन्मून तिथेच वाढलेल्यांमध्ये १९४३ च्या आधी एमएसचा एकही रुग्ण त्यांना सापडला नाही, आणि नंतर लागोपाठ सापडत गेले. एप्रिल १९४० पासून युद्धभर त्या बेटांवर ब्रिटिश सैन्य होतं. सैनिकांच्या छावण्या कुठल्या गावांजवळ होत्या आणि रुग्ण कुठल्या गावांतले होते हे त्यांनी नकाशावर जुळवलं आणि सैनिकांबरोबर काहीतरी संसर्गजन्य तिथे आलं असा तर्क १९७९ मध्ये मांडला. तो अनेकांना पटला नाही. आधीचे रुग्ण नोंदले गेले नसतील, एवढ्याशा लोकवस्तीत योगायोगही असू शकतो, असे आक्षेप आले. मला तेही रास्त वाटतात. पण बेटाबेटावर, गावागावात कोण कुठे राहत होतं हे शोधत जाण्याची ती चिकाटी मला ओळखीची आहे.

आणि तेव्हाच मुंबईतही अशी मोजणी चालू होती. एमएस हा गोऱ्यांचा, थंड मुलखातला आजार, आपल्याकडे नावापुरताच, असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. धाकटीच्या मुंग्यांना सुरुवातीला एका वयस्कर डॉक्टरांनी ‘टेन्शन’ म्हटलं त्याच्यामागे हीच समजूत असावी. पण मुंबईतल्या पारशी समाजात भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसंच जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी रुजवणाऱ्या डॉ. नोशिर वाडिया यांनी मोजणी केली. देशातल्या इतरांसाठी लाखात एखाद-दुसरा रुग्ण असा अंदाज सांगितला जात असताना पारशांमध्ये लाखामागे वीसहून अधिक रुग्ण निघाले. १९८८ आणि १९९० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हवा तीच, पाणी तेच, ऊन तेच, आणि तरी हा फरक. फॅरोच्या नकाशावरून बाहेरून आलेल्या संसर्गाकडे बोट जातं, दादर-ताडदेवच्या पारशी वसाहतींवरून पूर्वजांकडून आलेल्या रक्ताकडे. दोन्ही बोटं एकाच वेळी बरोबर असू शकतात, असं आता दिसतं आहे. २०२२ मध्ये हार्वर्डच्या अल्बर्टो अशेरियो यांच्या गटाने अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक तरुणांमधून ९५५ एमएसचे रुग्ण शोधले आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे वर्षानुवर्षं साठवलेले रक्तनमुने तपासले. एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला आढळला. हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांना कधी ना कधी होऊन गेलेला असतो, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. बाकीचं काय, ते अजून शोधतायत. कर्ट्झकी २०१५ मध्ये गेले. हे वाचायला ते हवे होते, असं मला राहून राहून वाटतं.

मधल्या काळात आमच्यापुढे आणखी एक आकडा आला. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. नोकरीतल्या बऱ्याच सवलती मिळायला किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. धाकटीचा त्याला विरोध होता. “चाळीस टक्के शिक्षिका म्हणतील,” असं ती म्हणाली आणि तो विषय तिथेच थांबला. तिची भीती मला समजते. पण तळमजल्यावरचा वर्ग, दुपारच्या ऐवजी सकाळचे तास, हे तिला उपकार म्हणून मागायला लागू नये असंही मला तितक्याच जोराने वाटतं. तक्त्यात नाव असलं की माणूस दिसतो, नसलं की धोरणात तो नसतोच. नोकरीभर मी हेच पाहिलं. तिने अर्ज भरला आहे. सही करताना तिचा हात थांबला होता आणि मी काही बोलले नाही.

शेवटी मी तिला जे सांगितलं ते असं. तुझा अर्धा दोन ठिकाणी दोन प्रकारचा आहे. हजार माणसांच्या चाचणीत तो एकटा काही सांगत नाही, आणि तिथे तो धरूही नये, नाहीतर कुठलंही औषध खरं ठरणार नाही. ज्या इंजेक्शनसाठी आपण सहा-सहा महिन्यांनी जातो ते याच खडूस पट्टीतून पास होऊन आलंय. पण तुझ्या बाबतीत डॉक्टरांनी तो लिहिला तर काय बघून लिहिला हे तू विचारायचं. तो तुझा हक्क आहे. पाय बघून लिहिला, की तोल, की चिमट्याचा कंप? पुढच्या भेटीत तिने विचारलं. डॉक्टर क्षणभर थांबले, मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी सात-आठ मिनिटं नीट समजावून सांगितलं. तोलाचा गुण वाढला होता, ताकदीचा तसाच होता. आणि हातांसाठी वेगळी चाचणी असते, नऊ भोकांच्या फळीत नऊ खुंट्या बसवायच्या आणि घड्याळ लावायचं, ती पुढच्या वेळी करू, हेही तेच म्हणाले. विचारलं नसतं तर ते त्यांच्या डोक्यातच राहिलं असतं, कारण बाहेर बाकावर माणसं होती.

आता धाकटीने एक वही केली आहे. किती वाजता, बाहेर किती तापमान, काय करत असताना काय झालं, आणि किती वेळाने सावरलं, असे रकाने तिने स्वतः आखलेत. मला फक्त रकान्यांची रुंदी बदलायची परवानगी होती. सकाळच्या थंड वेळेऐवजी तिने या वेळी मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ मागून घेतली आहे. डॉक्टर हसले नाहीत, “जरूर या” म्हणाले. रिक्षा रुग्णालयाच्या दारात न नेता फाटकाशीच सोडायची आणि तिथून ओपीडीपर्यंत चालत जायचं, असं तिने ठरवलंय. काठी मी माझ्या पिशवीत ठेवणार आहे. ती मागेपर्यंत काढायची नाही, अशी तिची अट आहे, आणि मी ती मान्य केली आहे.